मीटिंगमधून काढलेला माणूस नाव बदलून परत येतोय? माझा अनुभव

आमच्या झूमवरच्या ऑनलाइन वाचनवर्गात एक अनोळखी माणूस घुसून अचकटविचकट बोलायचा. रिमूव्ह केलं की दुसऱ्या नावाने हजर! ब्लॉकचाही उपयोग नाही. ब्लॉक खात्याला लागतो, बिनखात्याच्या पाहुण्याला अडवत नाही. फार मनस्ताप झाला. खरं दुखणं म्हणजे कायमची मीटिंग आयडी (दर वेळी तोच राहणारा मीटिंगचा क्रमांक) बाहेर फिरत होती.

आधी ती आयडी वापरणं थांबवलं. मग नवी, आपोआप तयार होणारी आयडी घेतली, पासकोड घातला, वेटिंग रूम (आपण आत घेईपर्यंत थांबायची जागा) चालू केली. काढलेल्यांना परत येऊ देणारं आणि नाव बदलू देणारं, दोन्ही सेटिंग बंद. लिंक प्रत्येकाला खासगीत पाठवली. वेटिंग रूममध्ये नावाऐवजी नुसतं 'आयफोन' दिसलं तर आधी फोन करून खात्री केली, मगच आत घेतलं. सगळे आले की मीटिंग लॉक, म्हणजे नंतर कोणी आत येऊ शकत नाही. हे अजिबात विसरू नका. त्यानंतर तो फिरकला नाही.