हस्कीचं नाव पुराणातून काढताय? मग या चुका टाळा

माझ्या पहिल्या हस्कीचं नाव मी गार्म ठेवलं होतं. नॉर्स, म्हणजे जुन्या उत्तर युरोपातल्या पुराणातला हा गुहेच्या तोंडाशी बांधलेला कुत्रा. रॅग्नरोकच्या, म्हणजे जगबुडीच्या दिवशी तो सुटतो, टीर देवावर धावून जातो आणि त्या झुंजीत दोघंही मरतात. पिल्लू यायच्या आधी तीन रात्री जागून मी हे शोधलं होतं आणि स्वतःवर भलतीच खूश होते. पिल्लू आलं, आणि पहिल्याच सकाळी आईने हाक मारली, "ए गरम, इकडे ये."

आठवड्याभरात घरात सगळे त्याला गरम म्हणायला लागले. लसीच्या कार्डावर गरम. अंगावर दुहेरी केसांची गोधडी घेऊन भर उन्हाळ्यात पंख्याखाली फरशीवर पाय फाकून पडलेला प्राणी, आणि नाव गरम! येणारा प्रत्येक जण विचारायचा, "याला फार उकडतं म्हणून ठेवलंय का हो?" मी दोन महिने प्रत्येकाला गार्मची गोष्ट सांगत राहिले. शेवटी लक्षात आलं, की मी "गार्म" म्हटलं तर तो नुसता कान हलवतो आणि आईने "गरम" म्हटलं की धावत सुटतो. त्याचं ठरलं होतं. माझंच ठरायचं राहिलं होतं.

तेव्हापासून नाव विचारायला कुणी आलं, की मी आधी अर्थ विचारत नाही. आधी म्हणते, दारात उभे राहा आणि तीनदा मोठ्याने हाक मारा. मग घरातल्या सगळ्यात वयस्कर आणि सगळ्यात लहान माणसाला म्हणायला सांगा. त्यांच्या तोंडून जे बाहेर पडेल, तेच नाव तुम्ही ठेवताय. चंद्रामागे धावणारा लांडगा म्हणून हौसेने ठेवलेला 'हाती' दुसऱ्या दिवशी हत्ती होतो. बर्फावरच्या पट्ट्यांवरून सरकत शिकार करणारा देव 'उल्ल' कुणाच्या तोंडी उल्लू होईल, हे सांगायला नको. सैबेरियाच्या ईशान्य टोकाच्या लोककथांत कुत्ख नावाचा खोडकर डोमकावळा आहे. सायबेरियन हस्की तिथल्याच चुकची लोकांनी जोपासलेली जात, त्यामुळे नाव मुळाला धरून आहे. पण मराठीत ते अर्धवट गिळलेलं 'कुत्रं' वाटतं.

आता दुसरी चूक. ही तर मी रोज बघते. पिल्लू नर येणार की मादी हे माहीत नसतं, किंवा तो भेदच नको असतो, म्हणून दोघांना चालेल असं नाव हवं असतं. इथवर छान. मग लोक इंग्रजी यादी उघडतात, त्यातलं 'न्यूट्रल' म्हणून दिलेलं नाव उचलतात आणि काम झालं समजतात. अहो, पण हाक मराठीत मारणार ना? नाव कितीही मधलं असो, पुढच्याच शब्दाला आला की आली हे सांगावंच लागतं. आपली भाषा क्रियापदात लिंग घेऊन बसलेली आहे, नाव बदलून ती हलत नाही. कुणाला अगदीच दोन्ही नको असेल तर "आलं का पिल्लू" म्हणायची सोय आहे, पण पंचवीस किलोच्या हस्कीला दोन वर्षांनी पिल्लू म्हणताना जीभ अडखळते.

त्यातून लाडाचं नाव. यादीवाल्यांना हे कुठून माहीत असणार? आपल्याकडे कुठलंही नाव आठवड्याभरात मोडलं जातं. शेवटी 'या' लागला की तो नर, 'ई' लागली की ती मादी. तुम्ही महिनाभर डोकं खपवून आणलेलं तटस्थ नाव घरचे एका दुपारीत मोडतात, लोकीचा लोक्या नाही तर सरमाची सरमी करून टाकतात. यातून वाचायचं तर शेवटी 'ऊ' लागेल असं नाव बघा. राजूही असतो आणि मंजूही असते, 'ऊ' कुणाची बाजू घेत नाही.

आणि नुसत्या शेवटच्या अक्षरावर जाण्यापेक्षा गोष्टीत डोकवा. नॉर्स पुराणातला लोकी लोकांना पुरुष देव म्हणूनच माहीत असतो, पण तो घोडी झाला होता आणि आठ पायांच्या स्लेपनिर घोड्याला त्यानेच जन्म दिला. आपल्याकडची इला तर एक महिना स्त्री, एक महिना पुरुष अशी राहिली. बुधाशी लग्न, पुरूरवा हा मुलगा, आणि तरी पुरुषरूपातही नांदली. याहून तटस्थ नाव कुठल्या यादीत मिळणार? मालवणी बोलणाऱ्या घरात मात्र जरा गंमत होईल, तिथे 'इला' म्हणजेच 'आलं'.

माझं सगळ्यात आवडतं नाव शबल. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातल्या चौदाव्या सूक्तात यमाच्या वाटेवर राखण करणारे दोन कुत्रे आहेत, सरमा या देवांच्या कुत्रीची पिल्लं. त्यांना शबल, म्हणजे ठिपक्याठिपक्यांचे, आणि चार डोळ्यांचे म्हटलंय. आता तुमच्या हस्कीच्या तोंडाकडे बघा. कित्येकांच्या डोळ्यांच्या वर दोन फिकट ठिपके असतात, आणि ते झोपलेलं असतानाही वरचे दोन डोळे आपल्याकडे बघतायत असं वाटतं. शबल हे मुळात विशेषणच, ते नरालाही लागतं आणि मादीलाही.

पण त्याच सूक्तातून उचलून 'यम' ठेवू नका. एका ओळखीच्याने ठेवलं. रात्री अकराला कुत्रा दारातून सटकला आणि हा जिन्यातून ओरडत सुटला, "यम आला का तुमच्याकडे?" खालच्या मजल्यावर आजोबा आजारी होते.

फेनरिरबद्दल एकदाच सांगते. लांडग्यासारखा दिसतो म्हणून दर दुसऱ्या हस्कीला हे नाव द्यायची टूम आहे. तो नॉर्स पुराणातला लांडगा आहे हे खरं, पण त्याची गोष्ट सगळी बंधनं तोडण्याची आहे. त्याने दोन जबर साखळ्या तोडल्या. शेवटी मांजराच्या पावलांचा आवाज आणि माशाचा श्वास असल्या नसलेल्या वस्तूंपासून बुटक्यांनी रेशमासारखा पट्टा केला तेव्हा कुठे तो बांधला गेला, आणि तेवढ्यातही टीरचा हात गेलाच. कुंपणाखालून खणून पळणं हा ज्या जातीचा छंद आहे, तिला हे नाव देऊन वर तक्रार करू नये.

बाकीच्या चुका किरकोळ, पण करू नयेत. बाल्टो आणि टोगो ही पुराणातली नावं नव्हेत, ते 1925 मध्ये घटसर्पाचं औषध घेऊन अलास्कातल्या नोम गावाकडे धावलेले खरे कुत्रे, आणि सगळ्यात लांबचा, अवघड टप्पा टोगोने ओढला होता. अमारोक हा उत्तर अमेरिकेच्या बर्फाळ टोकाकडच्या इन्युइट लोकांच्या कथांतला राक्षसी लांडगा, नाव झकास आहे, पण ते सैबेरियाचं म्हणून सांगत फिरू नका. बास्ट ठेवायचं असेल तर लक्षात घ्या, एक तर ती प्राचीन इजिप्तमधली मांजरांची देवी, आणि दुसरं म्हणजे "बास्ट, बस" म्हटल्यावर कुत्र्याने काय समजायचं? 'ये' शिकवताय तर यमीही नको. नाव दोन-तीन अक्षरी ठेवा. युधिष्ठिराबरोबर शेवटपर्यंत चाललेल्या कुत्र्याला महाभारताने नावच दिलेलं नाही, तेव्हा ते शोधत बसू नका.

आणि दर शनिवारी नाव बदलणारे! "ऐकतच नाही हो, नाव बदलून बघू का?" हस्की नाव ऐकूनही ऐकत नाही, त्याला नाव काय करणार? नाव घेतलं की तोंडात काहीतरी चविष्ट पडतं, एवढंच दिवसातून चार-पाचदा, पंधरा दिवस करा. ओरडताना नाव घेऊ नका, त्यासाठी "ए" पुरतं. पंधरा दिवस थांबायची तयारी नसेल तर हस्की आणायची घाई कशाला केली, हा माझा प्रश्न असतो, पण तो मी तोंडावर विचारत नाही.

सध्याची आमची शबल. आईने तिचं शबू केलंय. घरी येणारे विचारतात, "चावतो का?" आई म्हणते, "नाही, फक्त रडते."