आधारची झेरॉक्स देताना

बेळगावच्या खडेबाजारात झेरॉक्स काढायला गेलात की दुकानदार सांगतो, "व्हॉट्सअ‍ॅप करा." आपण आधारची पीडीएफ पाठवतो, प्रिंट घेतो आणि निघतो, फाईल मात्र त्याच्या कॉम्प्युटरवर राहते. मला हे अजिबात पटत नाही. प्रिंट हातात आली की तिथेच उभं राहून चॅट आणि डाउनलोड फोल्डर, दोन्हींतून फाईल काढून टाकायला लावा. "जरा डिलीट करा की हो," एवढं म्हणायला लाजू नका.

त्याहून चांगलं, मास्क्ड आधारच वापरा. यूआयडीएआयच्या साइटवर आधार डाउनलोड करताना 'मास्क्ड'वर टिक करा, ओटीपी घाला. नंबराचे शेवटचे ४ आकडेच दिसतात. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली ४ इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे जन्मसाल. झेरॉक्सवर सही, तारीख आणि ती कशासाठी देताय ते, जसं 'फक्त भाडेकरारासाठी', असं मधोमध आडवं लिहा. कोपऱ्यात लिहिलेलं सहज झाकता येतं.

गणपत गल्लीत साडी घेताना बिलासाठी मोबाइल नंबर मागितला, तर देऊ नका. नंबरासाठी अडून बसू नये, असं केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने २०२३ मध्येच दुकानदारांना बजावलंय.

आणि फॉर्म कन्नडमध्ये असला, वाचता येत नसला, तर सहीआधी शेजारच्या कुणाकडून तरी पूर्ण वाचून घ्या.