जुनी गाडी बिघडली? आधी लेखी पुरावा

पुण्यातल्या डीलरकडून साडेतीन लाखांना घेतलेली गाडी बाराव्या दिवशी खंबाटकी घाटात गिअरच घेईना. डीलर म्हणाला, “जुनी गाडी, चालायचंच.” नाही चालायचं! माहीत असलेला दोष लपवून गाडी विकणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे.

गाडी त्याच्या ताब्यात देण्याआधी दुसऱ्या गॅरेजमधून दोषाचा लेखी अहवाल घ्याच. माझ्या हातात तो होता म्हणून डीलरचा सूर बदलला. जाहिरातीचा फोटो, व्हॉट्सॲपवरचं बोलणं, पावती जपा. मग स्पीड पोस्टानं नोटीस पाठवा. दाद दिली नाही, तर २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली जिल्हा ग्राहक आयोग. तक्रार स्वतःच्या जिल्ह्यात करता येते, मुदत २ वर्षं; ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकीलही सक्तीचा नाही. अडलात तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.