आपल्या संकेतस्थळावर कोण, कुठून येते याची नोंद कशी ठेवावी

देवगड किंवा रत्नागिरीहून स्वतःच्या संकेतस्थळावर हापूस विकणाऱ्या बागायतदाराने भेटींची मोजणी हंगामापूर्वीच सुरू करावी, कारण भेटी मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्स या सेवेचा कोड पानांवर बसवण्याआधीच्या भेटींची माहिती नंतर मिळत नाही. ही सेवा लहान व्यावसायिकांना मोफत वापरता येते.

खाते उघडताच माहिती साठवण्याची मुदत 2 महिन्यांवरून 14 महिने करावी. अन्यथा सविस्तर विश्लेषणात यंदाच्या एप्रिल-मेची तुलना गतवर्षीशी करता येणार नाही. घरच्या मंडळींच्या भेटी वगळण्यासाठी आपल्या इंटरनेट जोडणीचा आयपी पत्ता (तिची ओळख सांगणारा क्रमांक) नोंदवावा आणि त्या भेटी गाळणारा, सुरुवातीला चाचणी अवस्थेत असणारा फिल्टर आठवणीने सक्रिय करावा.

सर्वाधिक लक्ष मात्र ग्राहक कोठून आला याकडे द्यावे. व्हॉट्सॲपवरील दुव्यावरून आलेला ग्राहक अहवालात बहुधा ‘डायरेक्ट’ या, म्हणजे स्रोत न कळलेल्या भेटींच्या गटात दिसतो, आणि ज्या माध्यमावर अनेकांचा व्यवहार चालतो त्याचेच श्रेय हरवते. म्हणून असा प्रत्येक दुवा पाठवण्यापूर्वी त्याच्या शेवटी स्रोत, माध्यम आणि मोहीम सांगणाऱ्या यूटीएम खुणा जोडाव्यात. जुन्या ग्राहकांच्या गटाला एक आणि इन्स्टाग्रामसाठी दुसरी अशी नावे वेगळी ठेवली, तर कोणत्या संदेशातून मागणी आली हे स्पष्ट होते.

भेटींच्या एकूण आकड्यापेक्षा पूर्ण झालेली मागणी आणि फोनच्या बटणावरील टिचकी यांना माझ्या मते अधिक महत्त्व आहे. त्या दोन्ही ॲनालिटिक्समध्ये ‘की इव्हेंट’, म्हणजे महत्त्वाच्या कृती, म्हणून नोंदवाव्यात. सोबत गूगल शोधातील कामगिरी दाखवणारी सर्च कन्सोल ही सेवा जोडल्यास लोक गूगलवर कोणते शब्द शोधून येतात, हे मागील 16 महिन्यांपर्यंत पाहता येते.