केसांवरून अमली पदार्थांची तपासणी: या चुका टाळा

निम्मा घोळ यंत्रापाशी पोचण्याआधीच, कात्री हातात असताना होतो. नमुना शेंडी राखतात त्या भागातूनच घ्या. तिथले केस त्यातल्या त्यात एकसारख्या वेगाने, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतात. पेन्सिलीच्या जाडीची बट टाळूलगत कापा, उपटू नका. मुळाकडच्या टोकाला तिथल्या तिथे खूण करा. ती करायची राहिली, तर गेल्या तीन महिन्यांऐवजी वर्षापूर्वीचा काळ तपासला जाईल, आणि कुणाच्या लक्षातही येणार नाही. बट फॉइलमध्ये गुंडाळून कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवा. फ्रीजमध्ये नको, ओल धरते.

काल-परवाचं सेवन शोधायला केस कामाचे नाहीत. तो भाग टाळूबाहेर यायलाच आठवडाभर लागतो. त्यासाठी लघवी किंवा रक्त.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे एलायझा या प्राथमिक चाळणी-चाचणीचा पॉझिटिव्ह आकडा अंतिम मानणं. एलायझा फक्त संशय दाखवते. नेमका पदार्थ आणि प्रमाण मास स्पेक्ट्रोमेट्रीनेच (रेणूंच्या वजनावरून पदार्थ ओळखण्याच्या पद्धतीनेच) पक्कं होतं. टोरंटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमधल्या मदरिस्क प्रयोगशाळेने हीच पायरी वर्षानुवर्षं गाळली. तिच्या अहवालांचा आधार घेऊन आईबापांकडून मुलं काढून घेतली गेली. २०१५ मध्ये निवृत्त न्यायाधीश सुझन लँग यांच्या चौकशीत हे निकाल न्यायालयात वापरण्याच्या लायकीचे नव्हते असं निघालं. तिथे तपासणीआधी केस नेहमी धुतलेही जात नसत.

धुणं का महत्त्वाचं? दुसऱ्याने ओढलेल्या गांजाचा धूर किंवा हाताला लागलेली कोकेनची पूड केसांवर बसते. म्हणून केस आधी द्रावकाने धुवायचे आणि ते धुवण मोजून ठेवायचं. शिवाय शरीरात तयार होणारे अवशेषही पाहायचे: कोकेनसाठी बेंझॉइलएक्गोनिन, गांजासाठी टीएचसी-सीओओएच. हे दुसरं इतकं कमी असतं की पिकोग्रॅममध्ये मोजावं लागतं. साध्या यंत्राला ते दिसतच नाही.

नमुन्यासोबतच्या फॉर्मवर ब्लीच, डाय, स्ट्रेटनिंग लिहायला विसरू नका. ब्लीचने प्रमाण बरंच घटतं. उलट काळ्याभोर केसांतलं मेलॅनिन हे रंगद्रव्य कोकेनसारखे पदार्थ जास्त धरून ठेवतं. तेव्हा आकड्यावरून ‘रोज किती घेत होता’ असा हिशोब मांडणाऱ्या अहवालावर सही करू नये.

टक्कल असेल तर छातीचे किंवा काखेतले केस चालतात, पण त्यांच्या वाढीचं गणित वेगळं. तिथे महिने मोजायच्या भानगडीत पडू नका.