पितळ उजळायचं काम शिकायला येणाऱ्यांसाठी

चतुर्थीच्या आधी महिनाभर आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसते. समया, निरांजनं, घंटा, ताम्हनं, माळ्यावरून वर्षाने खाली उतरलेले हंडे. काही काळवंडलेले, काही हिरवे पडलेले. सात वर्षांपूर्वी मी वेंगुर्ल्यात हे काम शिकायला लागले तेव्हा वाटायचं, बफ मशीनवर, म्हणजे चकाकी आणणाऱ्या फिरत्या चाकावर, हात बसला की झालं. दुकानातले तात्या तेव्हा म्हणाले होते, "चकचकीत करूक कोणाकय येता, बाय. आधी सुकवूक शिक." ते कळायला मला एक आख्खा पावसाळा लागला.

त्या जुलैत मी एका घरच्या सहा समया चिंच आणि मीठ लावून घासल्या. सोन्यासारख्या निघाल्या. पुसल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या, दिल्या. आठवड्याच्या आत त्या परत आल्या. आटे जिथे बसतात त्या प्रत्येक सांध्यावर हिरवे ठिपके होते. चिंचेची आंबट, म्हणजे तिच्यातलं आम्ल, काळेपणा काढते आणि मीठ त्याला जोर देतं, हे खरं. पण ते मीठ आट्यांत अडकून राहिलं, आणि आपल्या हवेत पावसाळ्यात दमट कधी नसतं? मीठ ओल ओढतं आणि पितळ आतून खायला लागतं. तेव्हापासून मी मीठ वापरत नाही. समई आली की आधी तिचे सगळे भाग सुटे करते, आटा अडला असेल तर तेल सोडून रात्रभर ठेवते.

माझी रीत अशी. तेलकट भांडं आधी गरम पाण्यात साबण घालून धुवायचं, कारण तेलाखाली आंबट पोचत नाही. मग लिटरभर कोमट पाण्यात चहाचे दोन चमचे लिंबूफूल (सायट्रिक अ‍ॅसिड) घालून त्यात दहा मिनिटं बुडवायचं आणि दर दोन मिनिटांनी उचलून बघायचं. घरगुती कामाला आमसुलं, चिंच, बिंबलं काहीही चालतं, सगळ्यांची आंबट तेच काम करते. पण रात्रभर भिजत टाकून झोपायला जाऊ नका. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. आंबटात जस्त आधी सुटतं आणि वर तांबूस थर उरतो. पितळ गुलाबी दिसायला लागलं की आपण मळ नव्हे, भांडंच काढतो आहोत, हे ओळखा.

त्यानंतर खायच्या सोड्याच्या पाण्यात एकदा बुडवायचं, म्हणजे उरलेली आंबट मरते. मग तीन पाण्यांनी धुवायचं. किनाऱ्याजवळच्या कित्येक विहिरींचं पाणी मचूळ असतं, म्हणून शेवटचं पाणी तरी गोडं हवं. मी त्यासाठी पागोळीचं पाणी पिंपात भरून ठेवते. पुसून लगेच गरम केलेल्या लाकडाच्या भुशात पुरायचं. भुसा फटींतली ओल शोषून घेतो. ऊन असेल तर ऊन, नसेल तर चुलीजवळची फळी. हात लावून कोरडं वाटलं तरी आणखी एक रात्र ठेवायचं.

अमोनियाची गोष्ट नवख्यांना कोणी सांगत नाही, म्हणून थोडं थांबून सांगते. काडतुसाचं पितळ म्हणजे 70 टक्के तांबं आणि 30 टक्के जस्त. इंग्रज फौजेची काडतुसं हिंदुस्थानात पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली जात, आणि त्यांच्या नळ्या आपोआप तडकत. घोड्यांच्या मुतातला अमोनिया, दमट हवा, आणि ठोकून-ओढून घडवलेल्या पितळेत उरलेला ताण, ही तीन कारणं एकत्र आल्यावर धातू फुटतो, हे 1921 मध्ये उलगडलं. आता हे आपल्या घरांना लावून बघा. गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेला हंडा गळ्याशी तडकून येतो तेव्हा लोक म्हणतात, कुणीतरी आपटला. मी आधी विचारते, कुठे ठेवला होता? पितळेला अमोनिया असलेलं पॉलिश लावून तसंच सोडू नका. ओतीव समईला धोका कमी, ठोकीव भांड्याला जास्त.

कोकणात शेतीच्या राखणीसाठी परवान्याची बंदूक असलेली घरं आहेत, त्यामुळे कधीतरी कोणी जुन्या पितळी काडतुसांची पिशवी घेऊन येईलच. नेमबाज लोक वापरलेल्या नळ्या पुन्हा भरण्याआधी ड्रममध्ये अक्रोडाच्या टरफलांच्या किंवा मक्याच्या कणसाच्या भरड्यात फिरवून साफ करतात, हे खरं आहे, आणि घुंगरं, कड्या अशा बारीक वस्तूंना मीही मक्याचा भरडा वापरते. पण काडतुसं मी घेत नाही. एकाची जरी टोपी, म्हणजे बुडाशी असलेली ठिणगी पाडणारी दारू, फुटलेली नसेल तर जिवाशी गाठ, शिवाय 1959 च्या शस्त्र कायद्याचा प्रश्न आहेच. आणि फुटलेल्या टोपीच्या काजळीत शिसं असतं, तो भरडा बंद खोलीत चाळला की ते थेट छातीत जातं. बफ मारतानाही मास्क लावा, कारण काही पितळांत शिसं मिसळलेलं असतं. हो, काजूची टरफलं इथे फुकट मिळतात म्हणून ड्रममध्ये घालू नका. त्यांच्या तेलाने हाताची कातडी सोलून निघते.

बफबद्दल एकच सांगते, पण ते मला सगळ्यांत जवळचं आहे. जुन्या भांड्यांवर नावं घातलेली असतात, ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली. लग्नात दिलेल्या कळशीवर आजीचं नाव, वर्ष, गाव. मी एका कळशीवर एमरी, म्हणजे धातू खरवडणारी खरखरीत घासणी, फिरवली आणि ते नाव गेलं. ती घ्यायला आलेली बाई काही बोलली नाही, फक्त बोटाने ती जागा चाचपत राहिली. पैसे मी घेतले नाहीत, पण नाव परत आणता येत नाही. आता भांडं आलं की आधी त्यावरचं अक्षर शोधते, वहीत लिहून घेते आणि तिथे फक्त कापसाने पुसते.

आतून कल्हई असेल तर आतल्या बाजूला आंबट लावायचं नाही, कल्हई झिजते. झिजलेल्या भांड्यात ताक किंवा आमटी कळकते, म्हणून गिऱ्हाइकाला तोंडावर सांगायचं: हे आता कल्हई केल्याशिवाय स्वयंपाकाला नको.

आणि चतुर्थीच्या आठ दिवस आधी नवीन समया घेणं बंद करा. लोक रागावतात, ओळखी काढतात. तरीही नको म्हणा, कारण पाऊस लागलेला असेल तर भुशात दोन रात्री काढल्याशिवाय सांध्यातली ओल जात नाही.