जुन्या गार्डन ट्रॅक्टरला नवं इंजिन: किल्लीची वायर आधी तपासा

इंजिन बदलायचं म्हटलं की सगळे हॉर्सपॉवर बघतात. त्याआधी मोजपट्टी घ्या. शाफ्ट (इंजिनाचा बाहेर आलेला फिरता दांडा) आडवा की उभा, त्याचा व्यास किती (आडव्या शाफ्टचा बऱ्याचदा १ इंच, म्हणजे २५.४ मिमी), इंजिनाच्या बुडापासून शाफ्टच्या मध्यापर्यंत उंची किती, हे जुनं इंजिन उतरवण्याआधीच लिहून ठेवा. उंची चुकली की बेल्टचा ताण बिघडतो.

खरी गोची मात्र वायरिंगमध्ये असते. बऱ्याच जुन्या इंजिनांत किल्ली फिरवली की इग्निशन कॉइलला (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या गुंडाळीला) १२ व्होल्ट मिळतात आणि मगच ठिणगी पडते. नव्या छोट्या पेट्रोल इंजिनांत सहसा मॅग्नेटो असतो, म्हणजे फिरत्या चुंबकातून ठिणगीची वीज स्वतःच तयार करणारी यंत्रणा. त्याला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. उलट इंजिन बंद करायला त्याची किल-वायर बॉडीला अर्थ करावी लागते. थोडक्यात, उलटा कारभार! कॉइलची जुनी वायर सवयीने या किल-वायरला जोडली, की नवंकोरं इग्निशन मॉड्यूल (मॅग्नेटोचा ठिणगी देणारा भाग) जळालंच म्हणून समजा.

म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर लावा. किल्ली चालू असताना आणि स्टार्टवर नेल्यावरही, ट्रॅक्टरकडून येणाऱ्या ज्या वायरला किल-वायर जोडणार तिच्या टोकाला शून्य व्होल्ट हवेत. मग बॅटरी काढून, किल्ली बंद ठेवून कंटिन्युइटी (दोन टोकं विजेच्या दृष्टीने जोडलेली आहेत का ते) बघा. आता ते टोक चेसिसशी जोडलेलं दिसलं पाहिजे. तसं नसेल तर जुन्या स्विचशी झटापट करू नका, मॅग्नेटोसाठीचा स्विच बसवा. सीटखालचा सुरक्षा-स्विचही याच वायरवर घ्या.